सोडलेले आणि काढलेले

काचेच्या टाकीत आफ्रिकी सिक्लिड कुळातले मासे किती ठेवावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ छंदिष्टांचा आहे, आणि साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकात त्याला स्थान कशासाठी, असे कोणी विचारले तर ते गैर ठरणार नाही. परंतु या लहानशा प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण आपल्या दख्खनच्या तळ्यांत आणि जलाशयांत घडले असून ते अद्याप संपलेले नाही. टाकीपासूनच प्रारंभ करू.

हैदराबादेत सदनिकांची वस्ती वाढली तशी बैठकीच्या खोल्यांतून काचेच्या टाक्या दिसू लागल्या. आधी सोनेरी मासे आणि गप्पी आले. मागाहून आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे निळे, पिवळे, पट्टेदार मासे आले. आमच्या नल्लकुंट्यात एका शेजाऱ्यांकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी आहे. हिशेब केला तर तिच्यात अडीचशे लिटर पाणी मावते. दर गॅलन पाण्यास एक इंच मासा, असा एक जुना नियम छंदिष्टांत रूढ आहे. पूर्ण वाढलेला मलावी मासा चार-पाच इंचांचा असतो, तेव्हा या नियमाने तिथे चौदा-पंधरा मासे ठेवता येतील. शेजाऱ्यांनी प्रथम आणले सहाच. पाणी भरपूर, मासे थोडे, म्हणजे सुखाने नांदतील, ही अपेक्षा कोणालाही वाटेल अशीच होती. दोन महिन्यांत त्यांतला एकच उरला. बाकीच्यांना त्याने एकेक करून संपवले. आज त्याच टाकीत पंचवीस मासे आहेत आणि किरकोळ पाठलाग सोडला तर शांतता आहे.

ज्याला या माशाचा स्वभाव ठाऊक आहे त्यास यात नवल वाटणार नाही. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या या माशांना तिथले लोक 'म्बूना' म्हणतात. खडकावरचे शेवाळ खरवडून ते जगतात, आणि नर आपापल्या खडकाची हद्द राखतो. सहा मासे असले की त्यांतला बलवान नर सगळी टाकीच आपली हद्द मानतो, आणि हाकललेल्याला पळून जाण्यास सरोवर नसते. पंचवीस झाले की हद्द राखणे कोणालाच साधत नाही. राग एकावर केंद्रित न होता सर्वांवर पातळ पसरतो. कोनराड लोरेंट्स या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने आक्रमक वृत्तीवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात याच कुळाचे निरीक्षण नोंदवले आहे: जोडी एकटी ठेवली तर शेजारी उरत नाहीत, आणि शेजाऱ्यावर निघायचा राग मादीवर निघतो. गर्दीने भांडण वाढते हा आपला रोजचा अनुभव. इथे गर्दीनेच ते निवते. (आमच्या सरकारी वसाहतींनाही हे लागू आहे की काय, याचा विचार मी अधूनमधून करतो.)

मात्र या शांततेची किंमत मोजावी लागते. पंचवीस माशांची विष्ठा आणि श्वसन यांतून पाण्यात अमोनिया साचतो. जमिनीतले काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, हे विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. टाकीच्या गाळणीत तेच काम चालते. आता मलावीचे पाणी अल्कधर्मी असते, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी रूपात राहतो. म्हणजे ज्या माशाला गर्दीत ठेवणे भाग आहे त्यालाच गर्दीची घाण सर्वांत अधिक बाधते. म्हणून मोठी गाळणी बसवायची आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचे. शेजारी बारा दिवस गावाला गेले की टाकीची बादली आमच्या घरी येते. सारांश, किती मासे ठेवता येतील हे टाकीत किती पाणी मावते यावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक तुम्ही दर आठवड्याला टाकीतून काय आणि किती बाहेर काढता यावर अवलंबून आहे.

हे तत्त्व मत्स्यालयाच्या जन्मकथेतच होते. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. बारा गॅलन मावेल अशा काचपात्रात निम्मे पाणी, तळाशी वाळू व चिखल, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि दोन सोनेरी मासे. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, पाणी बदलावे लागणार नाही, ही कल्पना. काही दिवसांनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले आणि प्रयोग फसू लागला. वॉरिंग्टनने मासे कमी केले नाहीत. त्याने डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी निवळले. तीन वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. तेथून ही आवड जगभर गेली. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

मुंबईकर काचेतले मासे पाहू लागले त्याच्या पुढच्याच वर्षी याच सिक्लिड कुळातला एक आफ्रिकी मासा भारतात आला. तो शोभेसाठी आणलेला नव्हता, तर तळी भरून टाकण्यासाठी होता. त्याचे नाव तिलापिया. उजनीच्या काठी त्याला चिलापी म्हणतात, आणि दक्षिणेत त्याला 'जिलेबी' हे गोड नाव मिळाले आहे. खरे पाहता सिक्लिड कुळ आपल्याला परके नाही. गोव्यात आणि कोकणच्या खाड्यांत ज्याला कळुंदर म्हणतात आणि मल्याळी लोक ज्याला करीमीन म्हणून मिरवतात, तो याच कुळातला आपला देशी मासा. पण कळुंदर वर्षानुवर्षे आपल्या खाडीत मर्यादेने राहिला. चिलापीचे तसे झाले नाही.

मोझांबिकमधील या माशाचे शास्त्रीय वर्णन पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५२ साली केले. त्यानंतर तो एकाएकी दिसतो तो जावा बेटावर. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखाशी, मुजैर नावाच्या स्थानिक गृहस्थास हे मासे सापडले. ते पाच होते, असे सांगितले जाते. त्याने ते घरच्या तळ्यात वाढवले. इंडोनेशियात या माशास आजही 'मुजैर' हेच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, जपानी अंमलाखाली, त्याचा प्रसार झपाट्याने झाला, आणि युद्धानंतर उपाशी आशियाला तो वरदानासारखा वाटला. १९५२ साली तो भारतात दोन वाटांनी शिरला: सिलोनहून मंडपमला आणि बँकॉकहून बंगालमधील संशोधन केंद्राकडे. पीटर्सच्या वर्णनास त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. हा योगायोग कोणाच्या ध्यानी आला असेल असे वाटत नाही.

त्यास आणणाऱ्यांना आज अविचारी ठरवणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. त्या काळची अडचण समजून घ्यावयास हवी. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात घालतात. म्हणून मत्स्यजिरे नदीतून गोळा करावे लागत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवावे लागत. वाटेत पाणी हलवत बसणारा माणूस सोबत हवा, तरी पुष्कळसे मरत. जे पोहोचत त्यांत कोणत्या जातीचे किती, हे महिन्यांनी कळे. अशा वेळी एक मासा असा मिळाला की जो दोन-तीन महिन्यांत वयात येतो, कोणत्याही डबक्यात वीण करतो, मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिले पोहू लागल्यावरही संकट दिसताच त्यांना पुन्हा तोंडात घेते. बीज विकत आणणे नको, वाहतूक नको. एकदा सोडला की काम झाले. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत कोणत्या अधिकाऱ्याने या प्रस्तावावर नकाराचा शेरा मारला असता?

मुळातली अडचणच पाच वर्षांत दूर झाली. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या मोठ्या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, भारताच्या मत्स्य संशोधन समितीने तिलापियाच्या प्रसारावर बंदी घातली. १९५२, १९५७ आणि १९५९ ही तीन साले एका ओळीत मांडली की माझ्या मते सगळी कथा कळते: ज्या गरजेसाठी पाहुणा बोलावला ती गरज फिटली, आणि पाहुणा मात्र घरभर झाला होता.

बंदीचे कारण केवळ देशी माशांची काळजी एवढेच नव्हते. मासा आपल्याच गर्दीत खुजा राहू लागला होता. येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. जन्मभर तक्ते भरलेल्या माणसाला वाचक एवढी मुभा देतील. समजा, एका हेक्टर पाण्यात वर्षाला पाचशे किलो मासळी वाढविण्याचा कस आहे. त्यात पाचशे मासे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किलोभर वाढ येईल. पाच हजार असतील तर शंभर ग्रॅम, आणि पन्नास हजार झाले तर दहा ग्रॅम. पाण्याच्या दृष्टीने तिन्ही सारखेच. बाजाराच्या दृष्टीने पहिला मासा, दुसरा नाइलाज आणि तिसरा कोंबड्यांचे खाद्य. मत्स्यशास्त्रातला बीज सोडण्याचा मूळ नियम हाच आहे: अपेक्षित उत्पादनास एका माशाच्या अपेक्षित वाढीने भागावे आणि मरतुकीची भर घालावी. रोहू-कटल्याच्या तळ्यात हा भागाकार टिकतो, कारण तिथे सोडले तितकेच किंवा त्याहून कमी राहतात. चिलापी दर महिना-दीड महिन्याने विणते, तेव्हा भाजक महिन्यागणिक बदलतो. शिवाय उपासमारीने खुजी राहिलेली मादी आणखी लहान आकारातच वयात येते, म्हणजे गर्दीतून गर्दी जन्मते.

मग काचेच्या टाकीत असे का होत नाही, हा प्रश्न उरतो. म्बूनाची मादीही पिले तोंडातच वाढवते, तरी शेजाऱ्यांच्या टाकीतले पंचवीस पंचवीसच राहतात. कारण तोंडातून सुटलेले पिलू पाच मिनिटांत दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात जाते. टाकीतही काढून घेणारा कोणीतरी असतोच. तो आपल्याला दिसत नाही एवढेच.

दख्खनच्या जुन्या तळ्यांत हा काढून घेणारा उन्हाळा होता. नल्लकुंटा या नावात तेलुगूतले दोन शब्द आहेत: 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. आज येथे तळे नाही, घरे आहेत. असे कुंटे तेलंगणात गावोगावी होते आणि आहेत. पाखाल, रामप्पा, लक्नावरम ही काकतीयकालीन विस्तीर्ण तळी तर प्रसिद्धच आहेत. मोठी तळी सोडली तर बहुतेक लहान तळी चैत्र-वैशाखात आटत. पाणी गुडघ्याएवढे उरले की गंगापुत्र आणि मुदिराज मासेमार उतरत, सारे गाव पाहण्यास लोटे, आणि तळे अक्षरशः रिकामे होई. पुढच्या पावसाबरोबर हिशेब पुन्हा शून्यापासून. किती मासे सोडावेत हा प्रश्न तिथे फार तातडीचा नव्हता, कारण सगळे निघणार हे ठरलेले होते.

जुन्या राज्यसंस्थेची नजरही निघणाऱ्या माशांवर असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जलाशयातील मासळीवर राजाचे स्वामित्व सांगितले आहे आणि मासेमारांनी पकडीचा सहावा हिस्सा द्यावा असे म्हटले आहे. येथून फार दूर नसलेल्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील प्राचीन मराठी गीतांच्या खुणांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून कोणता मासा कुठे राहतो, त्यास काय चारावे, गळ आणि दोरी कशी असावी, याचे बारकाईने वर्णन आहे. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा तिलापिया येण्यास वर्षच उरले होते. राजा मासा पकडण्याचा आनंद सांगतो आणि मंत्री पकडीवरचा कर सांगतो; दोघांचेही लक्ष पाण्यातून बाहेर येणाऱ्या माशाकडे.

आपल्या काळात ही नजर उलटली. एका जिल्ह्यात असताना माझ्यासमोर दरमहा जो आढावा येई त्यात 'सोडलेले बीज' असा रकाना होता, लक्ष्य आणि साध्य अशा दोन पोटरकान्यांसह. 'काढलेली मासळी' हा रकाना शेवटी होता आणि त्यात बहुधा मागील वर्षीचाच अंदाज पुढे ओढलेला असे. कोणाच्या प्रामाणिकपणाचा हा प्रश्न नाही. सोडलेले मासे पिशवीतून मोजता येतात, समारंभाने सोडता येतात. काढलेले मासे पहाटे चार वाजता, दहा ठिकाणी, दहा माणसे काढतात. २०१६ पासून तेलंगणात तळ्यांत सरकारी खर्चाने कोट्यवधी बोटुकल्या सोडल्या गेल्या. योजना चांगली, तिच्यात बीज रोहू-कटल्याचे, आणि मासेमार कुटुंबांस तिचा आधार झाला हेही खरे. पण एखाद्या तळ्यात आधीच चिलापी भरलेली असेल तर बोटुकलीच्या वाट्याला काय उरते, हे त्या पहिल्या रकान्यात कधी दिसणार?

बारमाही जलाशयात हे अधिक तीव्रतेने दिसते, कारण तिथे उन्हाळा पाणी कमी करतो, संपवीत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पुणे-सोलापूरच्या सीमेवर एक नवा समुद्रच पसरला. आज भिगवणच्या मासळीबाजारात चिलापीचे ढीग असतात. पूर्वी मिळणारे देशी मासे आता क्वचित लागतात, ही तिथल्या मासेमारांची नित्याची तक्रार. मासा लहान म्हणून जाळ्याचा आस बारीक करायचा, आणि बारीक आसात रोहू-कटल्याची पिलेही अडकतात. मोठा मासा होण्याची वाटच अशी बंद होते. तथापि याच चिलापीने तिथल्या गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी घातली आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांतल्या कित्येकांना जाळे दिले, हे नोंदविले नाही तर इतिहास एकांगी होईल. १९५९ ची बंदी कागदावर होती; पोट कागद वाचीत नाही.

उपाय शोधणाऱ्यांनी अखेर वीण थांबविण्याकडे मोर्चा वळविला. मलाक्का येथील संशोधन संस्थेत हिकलिंग यांनी १९६० च्या सुमारास दोन जातींच्या संकरातून केवळ नर पिले मिळविली. पुढे संप्रेरकयुक्त खाद्याने पिलांना नर करण्याची पद्धत आली. १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये नाईल तिलापियाच्या निवड-पैदाशीचा मोठा प्रकल्प चालला आणि त्यातून झपाट्याने वाढणारा 'गिफ्ट' वाण निघाला. भारत सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून परवानगीने, नोंदणीकृत तळ्यांत, केवळ नर किंवा वांझ तिलापियाच्या संवर्धनास मोकळीक दिली. त्यात दर चौरस मीटरला किती मासे हे तर आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती निकासावर जाळी हवी ही अट. पन्नास वर्षांनी का होईना, पाण्याबाहेर जाणाऱ्या माशाची दखल नियमात आली.

आता शहरातली काही तळी पुन्हा जिवंत होत आहेत. आमच्या शेजारच्या अंबरपेठेत बतुकम्मा कुंट्याचे पुनरुज्जीवन २०२५ साली झाले. तळ्यात पाणी आले की मासे सोडा अशी मागणी येणारच, आणि सांडपाण्याच्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरणारा म्हणून चिलापीचे नाव प्रथम निघेल. माझे मत विचारले तर मी दोन प्रश्न आधी विचारीन: मासेमारीचा हक्क कोणाच्या नावे आहे, आणि दर वर्षी किती मासळी निघाल्याची नोंद कोण ठेवणार? यांचे उत्तर मिळेपर्यंत एकही पिशवी उघडू नये.

आणि चिलापी आधीच आत असेल, तर अनुभवी मत्स्यपालक एक जुना उपाय करतात. मृग नक्षत्रावर दम्याच्या औषधासाठी ज्या माशाचे पिलू हैदराबादेत हजारो लोक गिळतात, ती मरळ. २०१६ पासून तेलंगणाचा राज्यमासा. ही मांसाहारी. ती तळ्यात मागाहून सोडावी लागते आणि चिलापीहून आकाराने लहान असावी लागते, म्हणजे वाढलेली चिलापी तिच्या घशात मावत नाही, पिले मात्र आईच्या तोंडातून सुटताच तिच्या हाती लागतात. बाजारात चिलापीच्या कितीतरी पट भाव मरळीला येतो, आणि ती जिवंतच विकली जाते.